एका बाळापुरती काथवट

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. १९३४ साली माझ्या बुडातल्या एका भोकावरून हंगेरीतल्या एका शेतकऱ्याच्या घरात भांडण झाले. ते बिटाच्या पेरणीला सुरू झाले आणि मक्याच्या कापणीपर्यंत चालले. भोक अंगठा जाईल एवढेच होते. पण त्या घरात एक जीव येणार की नाही, हे त्याच्यावर ठरायचे होते. म्हणून बाकीची साले मी विसरले, ते साल विसरता आले नाही.

द्रावा नदीच्या काठी पाण्यात पाय सोडून उभे असलेले एक पॉपलरचे झाड होते. ते मी. कालान्योश नावाच्या जिप्सी कारागिराने मला पाडले, खोडाचे दोन उभे भाग केले आणि वाकस घेऊन माझे पोट कोरायला बसला. त्याची झोपडी नदीलगतच होती. त्याला नऊ पोरे. मी अर्धी कोरून झाले तेव्हा त्याच्या बायकोने धाकटे पोर माझ्यात निजवले आणि ती सरपण आणायला गेली. माझ्यात झोपलेले ते पहिले माणूस.

मला बनवून घेतले होते लिदीच्या वडिलांनी, मुलीच्या लग्नात द्यायला. त्या मुलखात नवरी काथवट घेऊनच सासरी जाते. ते मोजमाप सांगायला आले तेव्हाचे बोलणे मला अजून आठवते.

"केवढी करू, मालक?"

"आठवड्याचे आठ पाव मळता येतील एवढी. आणि एक बाळ न्हाऊ घालता येईल एवढी."

"एकच बाळ?"

"आमच्यात एकच असतं."

कालान्योश हसला. "आमच्यात जमीन नाही, मालक. मग वाटण्यांची भीती कशाला धरायची?"

"आणि त्या नवांना घालतोस काय?"

"काथवटीचं जे द्याल ते."

काथवटीचे मोल म्हणजे तिच्यात मावेल तेवढे धान्य, असा तिथला रिवाज होता. कालान्योशने मला शक्य तेवढे खोल कोरले, यात त्याचे काय चुकले? धुरावर धरून त्याने मला वाळवले, काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केले आणि १९२८च्या शरदात मी लिदीबरोबर ग्येनिश कुटुंबाच्या घरी आले.

त्या घराची चोवीस होल्ड जमीन होती, होल्ड म्हणजे साधारण दीड एकर, आणि घरात चार माणसे होती. राहेल नेनी, म्हणजे लिदीची सासू. तिचा नवरा दानिएल बाची. त्यांचा एकुलता एक मुलगा बालिंट. आणि आता लिदी, तीही आईबापांची एकुलती एक. नेनी आणि बाची हे तिथले वडीलधाऱ्यांना म्हणायचे शब्द आहेत. काका, मामा, आत्या या शब्दांची त्या गावात गरजच पडत नसे, कारण कुणालाच भाऊबहीण नव्हते. शामूला, म्हणजे लिदीच्या मुलाला, एकदा कालान्योशची पोरे बाजारात दिसली. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग आईला म्हणाला, "इतकी मुलं एकाच घरात कशी आली? कुणी आणून सोडली?"

शामू माझ्या मालकिणीच्या लग्नानंतर वर्षभराने झाला. त्याची पहिली अंघोळ माझ्यातच झाली. ज्या काथवटीत पाव मळायचा तिच्यात बाळाला न्हाऊ घातले की जन्मभर त्याला पावाची कमतरता पडत नाही, असे त्या घरात मानत. मला फार धन्य वाटले. कोमट पाणी, त्यात चिमूटभर मीठ, आणि मध्ये ते लालबुंद चिमुकले अंग. अशी किती बाळे आपल्याला न्हाऊ घालायची आहेत, याची स्वप्ने मी पाहू लागले.

शामूला वर्ष झाले त्या दिवशी राहेल नेनी गिरमिट घेऊन आली. तिने मला उपडे केले, गुडघ्यात धरले आणि माझ्या बुडाला भोक पाडले.

लिदी दारात उभी होती. हे होणार हे तिला ठाऊक होते. माळ्यावर अशा दोन काथवटी होत्या. एक दानिएल बाचीच्या आईची, एक खुद्द राहेल नेनीची. दोघींच्या बुडाला भोके होती. भोक पडलेल्या काथवटीत कणीक राहते, पाणी राहत नाही. पाव मळत राहा, दुसरे बाळ न्हाऊ घालायचे नाही, असा त्याचा अर्थ. त्या गावातल्या घराघराचा हा नियम होता आणि तो तोंडाने कुणी कधी सांगत नसे.

पुढची चार वर्षे मी मुकाट्याने काम केले. शुक्रवारी संध्याकाळी लिदी आंबट पिठाचा गोळा भिजत घालायची, शनिवारी उजाडताच मळायला घ्यायची. भोकावर ती कोबीचे पान अंथरायची. आढ्याला घाम फुटेपर्यंत मळायचे, असे राहेल नेनीचे सांगणे होते, आणि लिदी तसे मळायची. गावात तिच्या पावाची वाहवा व्हायची. माझीही व्हायची. पण कणकेच्या ओझ्याखाली ते भोक मला सतत जाणवे. दात पडलेल्या जागी जीभ जाते, तसे माझे मन तिथे जाई.

मग १९३४चा वसंत आला आणि पेच शहराहून एलेमेर नावाचा एक तरुण माणूस आमच्या पुढच्या खोलीत राहायला आला. तो गावातली माणसे मोजायला आला होता. घरात कोण किती, केव्हा जन्मले, केव्हा मेले, हे सारे तो छापील कागदांवर उतरवी. तीस वर्षांत गाव एक तृतीयांशाने कमी झाले होते आणि ते का, हे त्याला शोधायचे होते. माणूस सालस होता. जेवणानंतर आपली ताटली स्वतः उचलायचा, त्यामुळे राहेल नेनीला तो थोडा अर्धवट वाटे.

एका शनिवारी गावचे पाद्री त्याला भेटायला आले. सगळे स्वयंपाकघरातच बसले, कारण तिथे भट्टी पेटलेली होती. लिदी मळत होती. मी मधोमध होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

एलेमेर म्हणाला, "शंभराहून जास्त वर्षं झाली, एका इंग्रज पाद्र्यानं लिहून ठेवलंय. माणसं दुपटीदुपटीनं वाढतात. धान्य मात्र एकेक पायरी चढतं. म्हणून माणसांनी स्वतःला आवरलं नाही, तर भूक आणि रोगराई त्यांना आवरते."

"तो आमच्या पंथाचा नसणार," पाद्री म्हणाले.

दानिएल बाची कोपऱ्यात मक्याची कणसे सोलत बसला होता. त्याने विचारले, "त्या पाद्र्याला मुलं किती होती?"

एलेमेरला हसू आले. "तीन."

"म्हणजे आमच्यापेक्षा दोन जास्त. आवरा म्हणावं त्यालाच."

"तेच तर, बाची. तुमचं गाव त्याचं गणित उलटं करतं. इथे धान्य आहे आणि माणसं आटताहेत. म्हणून दुसरे विद्वान म्हणतात, पोट भरलं की माणसाला वर चढायची हाव सुटते. चढायचं तर ओझं हलकं हवं. मग तो मुलं कमी करतो."

"विद्वान काही म्हणोत," पाद्री म्हणाले. "गेल्या वर्षी मी तीन बाप्तिस्मे केले आणि एकोणीस माणसं पुरली. हे पाप आहे, आणि देशाशी दगाबाजी आहे. पुढल्या पिढीला सैन्यात पाठवायला माणूस उरायचा नाही."

तेव्हा राहेल नेनी पुढे आली. ती पांढऱ्या कपड्यांत होती. तिच्या आईला जाऊन दोन वर्षे झाली होती आणि तिकडे सुतकात बायका पांढरेच नेसतात.

"साहेब, तुमच्या कागदावर आमच्या गावाचा नकाशा आहे का?"

"आहे, नेनी."

"मग बघा. तीन बाजूंना जहागीरदाराचे हद्दीचे दगडी खांब. चौथ्या बाजूला द्रावा. माझ्या आजेसासूच्या वेळी ते सगळं जंगल गावाचं होतं. डुकरं ओकच्या फळांवर पोसायची, डोहात मासे होते. पाच पोरं झाली तरी जंगल त्यांना खाऊ घालायचं. मग सरकारी माणसं जमीन मोजायच्या साखळ्या घेऊन आली आणि जंगल खांबांच्या पलीकडे गेलं. या घरातलं पहिलं भोक त्यानंतरचं. आमचं घर ओंडक्यांवर उभं आहे. पूर आला की बैल जुंपून उंचावर ओढता येतं. जमीन ओढता येत नाही. चोवीस होल्ड आहे, ती चोवीसच राहणार. दोन केले की बारा, चार केले की सहा, आणि सहा होल्डवाला जहागीरदाराच्या दारात मजुरीला. मी माझ्या नातवाला मजूर करू?"

एलेमेर भराभर लिहीत होता.

"फार मोलाचं बोललात, नेनी."

"मोलाचं असेल तर जहागीरदाराला वाचून दाखवा."

मित्रांनो, त्या दिवशी त्या खोलीत बोलायचे राहिले असे एकच माणूस होते. लिदी कोपरापर्यंत कणकेत होती. तिला कुणी विचारले नाही. आणि मला मात्र तीन आठवड्यांपूर्वीच एक गोष्ट कळली होती. मळताना ती पोट माझ्या काठाला लावून रेटायची, आता लावत नव्हती. हात लांब करून, अंग मागे ठेवून मळत होती. मधेच थांबून श्वास घेत होती. ती दुसऱ्यांदा आई होणार होती.

राहेल नेनीलाही ते कळायला फार दिवस लागले नाहीत. एके सकाळी तिने फडक्यात बांधलेल्या मुळ्या आणून फळीवर ठेवल्या. गावाच्या टोकाला एक बाई राहायची, तिच्याकडून आणलेल्या. त्या मुळ्यांचा काढा घेतलेली बाई दोन-चार दिवस अंथरूण धरायची आणि मग येणाऱ्या बाळाबद्दल कुणी बोलत नसे. काही जणी अंथरुणातून उठल्याच नाहीत. त्यांच्याबद्दलही कुणी फार बोलत नसे.

"फळीवर ठेवलंय," राहेल नेनी म्हणाली. "उशीर करू नकोस."

लिदी आधी नवऱ्याकडे गेली. बालिंट खोगीर शिवत होता.

"आई म्हणते त्यात खोट काय आहे?" तो म्हणाला.

"आई म्हणते ते मी ऐकलं. तुझं काय म्हणणं?"

त्याने सुई चामड्यात खुपसून ठेवली. "मला कुणी कधी विचारायचंच नाही, लिदी. मी एकटाच होतो. सगळं ठरलेलंच असायचं."

रविवारी ती पाद्र्यांना भेटून आली. त्यांना आनंद झाला. पुढच्या रविवारी तू पहिल्या बाकावर बस, मी तुझ्यावरच प्रवचन करतो, असे ते म्हणाले. घरी येऊन लिदी माझ्याशी बोलल्यासारखी पुटपुटली, "मला बाळ हवंय. प्रवचन नकोय."

शेवटी तिने एलेमेरला विचारले. तो टेबलावर कागद पसरून बसला होता.

"साहेब, यात माझं काय लिहिलंय?"

"घर क्रमांक सतरा. माता एक, वय पंचवीस, अपत्य एक."

"आणि दुसरं झालं तर काय होईल?"

तो दचकला. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्याने कागदाच्या कडेला हिशेब केला. "गावाची सरासरी बदलेल. दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा."

लिदी हसली. कितीतरी दिवसांनी. एलेमेर मात्र कानापर्यंत लाल झाला. "मी राहेल नेनींशी बोलू का?"

"नको. तुम्ही बोलाल, ती उत्तर देईल, आणि तुम्ही ते लिहून घ्याल."

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, तिने मला उचलून डोक्यावर घेतले.

तिने मागची पायवाट धरली नाही. ती गावच्या मोठ्या रस्त्याने निघाली. माझे बूड वर आणि भोक आभाळाकडे. त्या गावातल्या कुठल्याही बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. भोक पाडलेली काथवट घेऊन नदीकाठच्या कालान्योशकडे कोण कशाला जाईल? मी पाहिले, खिडक्यांचे पडदे एकामागून एक हलत होते. विहिरीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. एकीने हाक मारली, "लिदी, उन्हाची टोपी का ती?" बाकीच्या हसल्या. लिदी चालत राहिली.

कालान्योश झोपडीपुढे चमचे कोरत होता. त्याने मला ओळखले. आपल्या हाताचे काम कारागीर विसरत नाही.

"कुणी केलं हे?" त्याने भोकात बोट घातले.

"सासूनं."

"लाकडानं काय घोडं मारलं होतं तिचं?" मग त्याने लिदीकडे नीट पाहिले आणि पुढे विचारले नाही. तुतीच्या वाळलेल्या लाकडाची एक खुंटी त्याने तासली, भोकात बसवली आणि लाकडी हातोडीने ठोकली. "मालकीण, हे कोरडं लाकूड आहे. पहिल्यांदा पाणी घातलं की गळेल. घाबरू नका. थोडा वेळ वरून दाबून धरा. लाकूड पाणी पितं, फुगतं, मग थेंब जायचा नाही."

"काय देऊ तुला?"

"बाळ झालं की एक पाव पाठवा."

घरी आलो तेव्हा राहेल नेनी फाटकात उभी होती. गावातून बातमी आमच्याआधी पोहोचली होती. तिने लिदीला हात लावला नाही. मला तिच्या डोक्यावरून उचलले, शिडी लावून माळ्यावर नेले आणि त्या दोन जुन्या काथवटींच्या मध्ये उपडे टाकले. मग ती खाली उतरली आणि शिडी काढून तिने आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

मित्रांनो, कोंडलेपण म्हणजे काय, ते मी तिथे शिकले. वर कौलांची धग, खाली फळ्यांची फट. माझे तोंड जमिनीशी, त्यामुळे आभाळ नाही, माणूस नाही, फक्त आवाज. शेजारी त्या दोघी, वाळून भेगाळलेल्या, आता कणीक मळायच्याही कामाच्या उरल्या नव्हत्या. मी त्यांना काही विचारायची आणि त्या बोलायच्या नाहीत. वर्षानुवर्षे पीठ लागले नाही की लाकूड मुके होत असावे.

फटीतून मला खालचे घर कळे. लिदीने मळायचे सोडले होते. "माझी काथवट आणून द्या, मळते." एवढेच तिचे बोलणे. राहेल नेनी कपडे धुवायच्या टोपात कणीक भिजवी आणि पाव बसके होत. दानिएल बाची म्हणे, "या पावाला साबणाचा वास येतो." राहेल नेनी म्हणे, "मग उपाशी बस." काढा रोज उकळला जाई, थंड होई आणि संध्याकाळी अंगणात ओतला जाई. कोण ओतत होते ते मला वरून दिसत नव्हते.

एके दिवशी शेजारीण आली. तिची एकुलती एक मुलगी चार वर्षांची होती आणि शामू पाच वर्षांचा. दोघांची शेते लागून, म्हणून दोघांचे लग्न पाळण्यातच ठरल्यासारखे होते.

"राहेल, वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली, "पण आम्ही मुलगी चोवीस होल्ड बघून द्यायचं म्हटलं होतं. बारा बघून नाही."

राहेल नेनीने तिला दारापर्यंत पोहोचवले. मग तिने काहीतरी जोरात खाली आपटले. घागर असावी.

त्या दिवसांत लिदी फार एकटी पडली. बायका तिला पाहून रस्ता बदलत. बालिंट शेतावरून मुद्दाम उशिरा येई. एलेमेर आपले कागद घेऊन पुढच्या गावी निघून गेला होता. तिच्या चालण्याचा आवाज जड होत गेला, त्यावरून मी महिने मोजत होते. फळ्यांमधून एकदा तिचे शब्द आले. ती शामूशी बोलत होती. "तुला भाऊ हवा का बहीण?" शामू म्हणाला, "ते कसं असतं?" तीही एकुलतीच होती.

ऑगस्टमध्ये एका दुपारी घरात फक्त दोघे म्हातारे होते. ते माझ्या अगदी खाली बसले होते.

"म्हातारे," दानिएल बाची म्हणाला, "आईनं तुला तो काढा दिला तेव्हा मी घरातच होतो."

"ठाऊक आहे. अंगणात घोड्याला नाल ठोकत होतास."

"तीन ठोकले. चौथा जमला नाही."

"तेही ठाऊक आहे. आत पडून मी आवाज मोजत होते. चौथा आला नाही तेव्हा वाटलं, आता तू दार उघडून येशील."

बाचीचा आवाज उतरला. "मी आईला घाबरत होतो."

"आता तुझा मुलगा मला घाबरतो," राहेल नेनी म्हणाली.

त्या दिवसानंतर काढा उकळल्याचा वास वर आला नाही. शिडी मात्र तिच्या खोलीतच राहिली. ती हरली नव्हती. तिला फक्त पुढे काय करावे ते कळत नव्हते, आणि खांब जिथल्या तिथे होते.

सप्टेंबरात मक्याची कापणी लागली. सगळे गाव शेतावर. लिदीला घरी ठेवले होते आणि राहेल नेनी टोमॅटो उकळत होती. सकाळी दहाच्या सुमारास लिदीने भिंत धरल्याचा आवाज आला. मग राहेल नेनीची पावले धावली. पलीकडच्या घरातल्या एका मोठ्या पोरीला तिने सुईणीकडे पिटाळले. पण सुईणही शेतावर होती.

मी माळ्यावर, तोंड जमिनीशी टेकलेले. खाली काय चालले आहे ते ऐकण्याखेरीज मला काही करता येत नव्हते. लिदीचे कण्हणे. राहेल नेनीचा आवाज, आधी करडा, मग बारीक होत गेलेला. "श्वास घे, पोरी. माझा हात धर. जोरात धर, मोडायचा नाही." आणि मग एक बारीक, चिडलेला, अगदी नवा आवाज.

"मुलगी आहे," राहेल नेनी म्हणाली.

लिदीने विचारले, "न्हाऊ कशात घालणार?"

राहेल नेनीची पावले तिच्या खोलीत गेली. लाकूड भिंतीला घासले. शिडीचे टोक माझ्या शेजारी आदळले आणि कितीतरी महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला.

तिने मला खाली नेले, पुसले आणि कोमट पाणी ओतले. खुंटी कोरडी होती. पाणी गळू लागले. बुडाखालून धार जमिनीवर पसरली. लिदी अंथरुणातून म्हणाली, "आई, खुंटी वरून दाबून धरा. फुगू द्या." आणि मित्रांनो, ज्या हाताने गिरमिट फिरवले होते, तोच हात पाण्यात बुडवून राहेल नेनी गुडघ्यांवर बसली. खुंटीवर अंगठा दाबून बसली. दुसऱ्या हातावर बाळ. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पाणी निवत आले, तिने पुन्हा गरम पाणी मागवायला कुणाला हाक मारावी तर घरात कुणी नव्हते. हळूहळू लाकूड फुगले. धार बारीक झाली, थेंब झाले, थेंब थांबले.

"हिला काय देणार?" ती म्हणाली. लिदीला वाटले, ती नावाचे विचारते आहे. पण राहेल नेनी बाळाकडे पाहत होती. "बारा होल्ड. आणि बारा होल्डवर काय होतं?"

"मला नाही ठाऊक, आई."

"मलाही नाही," राहेल नेनी म्हणाली, आणि तिने बाळाच्या डोक्यावर पाणी घातले.

पहिल्या भट्टीतला एक पाव कालान्योशकडे गेला. शामू घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत परत आला नाही, कारण तिथे खेळायला नऊ जण होते.

आता कोणाचे पुढे काय झाले ते सांगते.

दानिएल बाची त्याच हिवाळ्यात गेला. एलेमेरचा अहवाल छापून आला. त्याची एक प्रत त्याने घरी पाठवली. त्यात घर क्रमांक सतरासमोर लिहिले होते, 'अपत्ये दोन, अपवाद.' पाद्री दुसऱ्या गावी बदलून गेले. त्यांच्या जागी कुणी आले नाही. राहेल नेनी १९५१ साली वारली. नातीला तिने स्वतःच्या हाताने मळायला शिकवले, पण त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. शेजारणीच्या मुलीला चोवीस होल्डवाला नवरा मिळाला. तो तिला आवडला की नाही, ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जहागीरदाराची जमीन वाटली गेली आणि तीन बाजूंचे खांब उपटले गेले. १९५९ साली बालिंटने सगळे चोवीस होल्ड सामुदायिक शेतीला लिहून दिले. सही करून आला आणि नेहमीसारखा खोगीर शिवत बसला. ज्या शेताचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून तीन काथवटींना भोके पडली, ते आता कुणाच्याच नावावर नव्हते. शामू त्याआधीच, छप्पन साली सरकारविरुद्धचा उठाव चिरडला गेला तेव्हा, सीमा ओलांडून कॅनडाला गेला होता. तो पत्रात लिही की इथे जमीन डोळा पोहोचेल तिथपर्यंत आहे आणि कसायला माणूस मिळत नाही.

कालान्योश प्लॅस्टिकचे टब येईपर्यंत काथवटी कोरत राहिला. आज गावातली निम्मी घरे त्याच्या नातवंडा-पतवंडांची आहेत. गावची शाळा बंद झाली, तिच्या एका खोलीत आम्हा तिघींना काचेमागे ठेवले आहे, आणि काच पुसायला येते ती त्याचीच एक नात. कधी कधी ती काच उघडून माझ्यावरून हात फिरवते. तेवढाच मला मोकळा वारा.

लिदी शहाऐंशी वर्षे जगली. तिची मुलगी एस्टर पेचच्या इस्पितळात परिचारिका झाली. एस्टरला एकच मुलगी झाली. एका उन्हाळ्यात दोघी मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या असताना लिदीने तिला विचारलेले मी ऐकले आहे.

"दुसरं नको का गं?"

"नको, आई. मला एकच हवी होती. पहिल्यापासून."

लिदीने तिच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग म्हणाली, "बरं," आणि मटार सोलू लागली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

मित्रांनो, तुमच्या पुस्तकात लोकसंख्येचा धडा येईल. त्यात आलेख असेल, एक रेषा चढेल, एक उतरेल, आणि ती का चढली, का उतरली याची दोन-तीन शहाणी कारणे दिलेली असतील. ती वाचा, खोटी नसतात. पण राहेल नेनीच्या घरात एक मूल होते आणि एस्टरच्या घरातही एकच. एलेमेरच्या कागदावर दोन्हीकडे एकच आकडा पडला असता. मी मात्र दोन्ही घरांतल्या बायकांचे बोलणे ऐकले आहे. तेव्हा मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणी माणसे मोजायला निघालात, तर कणीक मळत उभी असलेल्या बाईला आधी विचारा, आणि ती काय सांगते ते संपेपर्यंत पेन खाली ठेवा.